बिबवेवाडीला मेट्रो येतेय, पण इथल्या सायकली कोण मोजणार?

सकाळी साडेपाचला बिबवेवाडीच्या मुख्य रस्त्यावर उभं राहून बघा. हँडलवर पेपरांचा गठ्ठा ठेवलेला पोरगा दिसेल. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला दूधवाला दिसेल. रात्रपाळी संपवून घराकडे निघालेला वॉचमन, मार्केट यार्डाच्या दिशेने पायडल मारणारा हमाल, सगळे सायकलवर.

आता त्याच जागी सकाळी दहाला या. दुचाकी, रिक्षा, कॅब, हॉर्न. सायकल शोधावी लागते.

"पुण्यात आता सायकल चालवतंय कोण?" असं विचारणारे आपल्यातले बहुतेक जण दहा वाजता घराबाहेर पडणारे असतात. त्यामुळे साडेपाचची सायकल आपल्याला दिसत नाही. गंमत बाजूला ठेवू, पण महापालिकेच्या हिशोबातही ती नीट दिसत नाही. आणि जे हिशोबात नाही, त्याच्यासाठी बजेटमध्ये पैसे मागायचे तरी कशाच्या जोरावर?

हा विषय आत्ता काढायचं कारण म्हणजे मेट्रो. स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ ला मंजुरी दिली. खर्च २,९५४.५३ कोटी रुपये आणि मुदत फेब्रुवारी २०२९. मूळ मंजुरीत तीन स्टेशनं होती. पुढे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन स्टेशनं वाढवली.

म्हणजे बिबवेवाडीत स्टेशन येणार. प्रश्न असा, की अप्परला राहणारा माणूस त्या स्टेशनपर्यंत येणार कसा? चालत, रिक्षाने, स्वतःच्या गाडीने, की सायकलने? आणि हे कुणी मोजणार आहे का?

सविस्तर बघू.

एके काळी पुण्यात प्रत्येक सायकलचा हिशोब होता

घरातल्या आजोबांना विचारून बघा. तरुणपणी त्यांच्या सायकलला 'बिल्ला' होता का? पुण्यात आणि राज्यातल्या इतर गावांतही सायकलवर कर होता. तो भरला की धातूचा छोटा बिल्ला मिळायचा, तो सायकलला लावायचा. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलात, तर पोलीस अडवणार. त्या पिढीच्या निम्म्या आठवणी याच तीन गुन्ह्यांच्या आहेत.

तो कर लोकांना जाचक वाटायचा आणि तो गेला हे बरंच झालं. पण त्याच्यासोबत एक गोष्ट गुपचूप गेली, ती म्हणजे मोजणी.

आज दुचाकी घेतली की आरटीओत नोंद होते. म्हणून २०१८ मध्ये पुण्याची लोकसंख्या साधारण ३५ लाख आणि नोंदणी झालेली वाहनं ३६ लाखांच्या वर, ही बातमी होऊ शकली. माणसांपेक्षा गाड्या जास्त! सायकलची नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे शहरात सायकली किती आणि त्यातल्या रोज रस्त्यावर किती, याचं उत्तर कुठल्याही एका रजिस्टरमध्ये सापडत नाही.

मग जनगणनेत मोजत नाहीत का?

मोजतात, पण अर्धवट.

२०११ च्या जनगणनेत लोकांना विचारलं गेलं की कामाला किती लांब जाता आणि कशाने जाता. पायी, सायकल, दुचाकी, कार, रिक्षा, बस, ट्रेन असे पर्याय होते. देशभरात साधारण १३ टक्के लोकांनी सायकल असं उत्तर दिलं. आकडा छोटा नाही.

पण प्रश्न विचारला होता फक्त शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना. म्हणजे सायकलवर शाळेत जाणारी मुलगी त्यात नाही. क्लासला जाणारा मुलगा नाही. भाजी आणायला सायकल काढणारे निवृत्त काका नाहीत. शहरातली सायकल ज्यांच्या पायांवर चालते, त्यातला मोठा गट आधीच वगळला गेला.

आणि ती माहितीही २०११ ची आहे. पुढची जनगणना २०२७ मध्ये. मधल्या काळात पुण्यात मेट्रो आली, कोविड येऊन गेला, घरपोच डिलिव्हरीचा धंदा उभा राहिला. आपण मात्र जुन्याच फोटोकडे बघून अंदाज बांधतोय.

मेट्रोने गेलात की तुमची सायकल 'गायब' होते

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. शहराची वाहतूक मोजताना एक आकडा काढतात, त्याला म्हणतात मोड शेअर. म्हणजे शहरात होणाऱ्या १०० फेऱ्यांपैकी किती पायी, किती सायकलने, किती बसने, किती गाडीने.

यात एक गोची आहे. समजा, तुम्ही घरून सायकलने स्टेशनला गेलात, मेट्रोने शिवाजीनगरला उतरलात आणि तिथून चालत ऑफिसला पोहोचलात. ही एक फेरी झाली. पण ती नोंदवायची कुठे?

बहुतेक सर्व्हेंमध्ये 'मुख्य साधन' धरतात, म्हणजे ज्याने सगळ्यात जास्त अंतर कापलं ते. तुमची फेरी मेट्रोच्या खात्यात गेली. सायकल गायब, चालणंही गायब.

यामुळे होतं काय? मेट्रोचे प्रवासी वाढले तर त्याचं श्रेय मेट्रोला मिळतं, ते ठीकच. पण त्यातले काही जण सायकलमुळे स्टेशनपर्यंत पोहोचू शकले, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. मग स्टेशनबाहेर सायकल स्टँड मागितला की उत्तर येतं, "सायकलने येतंच कोण?"

तिकिटावरूनही हे कळत नाही. क्यूआर तिकीट किंवा कार्डामुळे तुम्ही कुठल्या स्टेशनात शिरलात आणि कुठे बाहेर पडलात हे समजतं. स्टेशनात शिरण्याआधीची पंधरा मिनिटं त्याला माहीत नसतात. पीएमपीएमएलच्या बसचंही तेच. कंडक्टर विचारतो "कुठं?" तो "घरून थांब्यापर्यंत कसे आलात?" असं विचारत नाही.

उपाय अगदी साधा आहे. प्रवाशांचा सर्व्हे करताना एक प्रश्न वाढवायचा : घरून स्टेशनपर्यंत कसे आलात आणि उतरल्यावर पुढे कसे जाणार? जगभरात ज्या शहरांनी सायकल आणि रेल्वे यांची सांगड घातली, त्यांनी सुरुवात याच प्रश्नापासून केली. नेदरलँड्समध्ये रेल्वेचे जवळपास निम्मे प्रवासी घरून स्टेशनपर्यंत सायकलने येतात, हे आपल्याला माहीत आहे कारण त्यांनी तो टप्पा वेगळा मोजला.

दहा मिनिटांचं गणित

"पण स्टेशन जवळ असेल तर लोक चालत जातील की, सायकल कशाला?" असा प्रश्न पडू शकतो. तर हे गणित बघा.

माणूस दहा मिनिटांत साधारण ८०० मीटर चालतो. सायकल आरामात चालवली, ताशी १५ किलोमीटरने, तर दहा मिनिटांत अडीच किलोमीटर होतात. अंतर तिप्पट झालं.

पण स्टेशनभोवती वर्तुळ काढलं तर क्षेत्रफळ तिप्पट होत नाही, ते जवळपास दहापट होतं. ८०० मीटरच्या वर्तुळात साधारण २ चौरस किलोमीटरचा भाग येतो. अडीच किलोमीटरच्या वर्तुळात साडेएकोणीस चौरस किलोमीटर.

म्हणजे स्टेशन तेच, बोगदा तोच, खर्च झालेले हजारो कोटी तेच. फक्त लोक सायकलने येऊ शकले, तर ते स्टेशन दहापट भागाच्या उपयोगाचं होतं. प्रत्यक्षात रस्ते वाकडेतिकडे असतात, मध्ये टेकडी येते, म्हणून आकडा थोडा कमी धरा. तरी हिशोब मोठाच राहतो.

बिबवेवाडीत या गणिताला एक स्थानिक वळण आहे : चढ. 'अप्पर' आणि 'लोअर' इंदिरानगर ही नावं उगाच पडलेली नाहीत. सकाळी उतारावरून खाली येणं सोपं, संध्याकाळी दमून परत चढणं अवघड. म्हणून इथे मोजणी एकाच वेळी, एकाच दिशेची करून चालणार नाही. सकाळी सायकलने गेलेले संध्याकाळी सायकलनेच परत येतात की हातात धरून चालत येतात, हेही बघावं लागेल. ई-सायकलचा विचारही इथेच होतो. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या ई-सायकलला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. पण ई-सायकल महाग असते. स्टेशनबाहेर ती सुरक्षित राहील याची खात्री नसेल, तर कोण घेऊन येईल?

बरं, मग सायकली मोजायच्या कशा?

साधारण चार पद्धती आहेत.

पहिली, माणूस बसवून. चौकात एक जण कागद-पेन किंवा मोबाईल घेऊन बसतो आणि जाणारी प्रत्येक सायकल नोंदवतो. स्वस्त आणि भरवशाची पद्धत. मोठा फायदा म्हणजे सायकलवर कोण आहे हेही लिहिता येतं : पुरुष, बाई, शाळकरी मूल, मागे सामान. तोटा हा, की माणूस चोवीस तास बसू शकत नाही.

दुसरी, रस्त्यावरची यंत्रं. रस्त्यावर रबरी नळी आडवी टाकतात, तिच्यावरून चाक गेलं की नोंद होते. किंवा रस्त्याखाली तारेचं वेटोळं पुरतात, धातू वरून गेला की ते ओळखतं. कोपनहेगनसारख्या शहरांत अशा यंत्रांना मोठा बोर्ड जोडलेला असतो. तुम्ही सायकलवरून गेलात की आकडा एकाने वाढलेला समोर दिसतो. आपल्याकडची अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल. सायकल ट्रॅकवरून दुचाकी घालणाऱ्यांची कमी नाही. यंत्राला नीट शिकवलं नाही, तर गर्दीच्या वेळी घुसलेल्या सगळ्या दुचाकी 'सायकल' म्हणून मोजल्या जातील आणि दुसऱ्या दिवशी हेडलाईन येईल, 'पुण्यात सायकलींचा विक्रम'.

तिसरी, कॅमेरे. चौकाचौकांत कॅमेरे आहेतच. त्यातल्या चित्रांवरून संगणक सायकल, दुचाकी, रिक्षा वेगळी ओळखू शकतो. फक्त दोन अटी हव्यात. एक, आधी माणसांनी केलेल्या मोजणीशी ताळा करून बघायचा. दोन, आकडे ठेवायचे, चेहरे नाही.

चौथी, ॲप. व्यायामासाठी सायकल चालवणारे ॲपवर राईड नोंदवतात. माहिती आयती मिळते, पण ती कुणाची? रविवारी पहाटे हेल्मेट घालून घाटात जाणाऱ्यांची. दूधवाला राईड 'ट्रॅक' करत नाही. फक्त ॲपच्या भरवशावर ट्रॅक आखला, तर तो सिंहगडच्या दिशेने निघेल आणि मार्केट यार्ड तसंच राहील.

म्हणून शहाणी शहरं मिश्रण करतात. चार-पाच ठिकाणी कायमची यंत्रं, आणि बाकी बऱ्याच चौकांत वर्षातून ठरावीक दिवशी काही तासांची माणसांकडून मोजणी. मग दोन्ही जोडतात. उदाहरण म्हणून, समजा कायमच्या यंत्रावरून कळलं की दिवसातल्या २० टक्के सायकली सकाळी ७ ते ९ मध्ये जातात. मग जिथे फक्त ७ ते ९ मोजणी केली आणि १०० सायकली निघाल्या, तिथे दिवसभरात साधारण ५०० जात असणार. फक्त हे प्रमाण त्याच प्रकारच्या रस्त्याचं हवं. कॉलेजच्या रस्त्याचं प्रमाण मार्केट यार्डाला लावलं, तर पहाटेचे सगळे पुन्हा सुटले.

दिवसही ठरलेला हवा. यंदा ऐन जुलैच्या पावसात मोजलं आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या थंडीत, तर वाढ सायकलींची नाही, हवामानाची मोजली.

फक्त 'किती' मोजून भागतं का?

नाही. निदान आणखी तीन गोष्टी लागतात.

एक, कोण? एखाद्या रस्त्यावर फक्त तरुण पुरुष सायकल चालवताना दिसत असतील, तर तो रस्ता धाडसी लोकांपुरता आहे. बायका, शाळकरी मुलं, म्हातारी माणसं दिसायला लागली, की समजायचं रस्ता खरंच सुरक्षित झाला.

दोन, किती धोका? केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरात साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार रस्ते अपघातांत गेले. अपघात पोलीस मोजतात, पण सायकली कुणी मोजत नाही. समजा, एका रस्त्यावर गेल्या वर्षी चार सायकलस्वार जखमी झाले आणि यंदा तीन. सुधारणा झाली? कदाचित. पण त्याच काळात भीतीने निम्म्या लोकांनी सायकल सोडली असेल, तर उरलेल्यांचा धोका वाढला आहे. खाली 'किती सायकली' हा आकडा नसेल, तर वरच्या 'किती अपघात' या आकड्याला अर्थ राहत नाही.

तीन, ट्रॅक सलग आहे का? आपण ट्रॅक किलोमीटरमध्ये मोजतो. पण दहा किलोमीटरचा ट्रॅक दर दोनशे मीटरवर तुटत असेल, मध्ये डीपी, झाड, पार्क केलेल्या गाड्या असतील, तर तो कागदावर दहा किलोमीटर आणि चाकाखाली शून्य. 'परिसर' ही पुण्यातली संस्था शहरातल्या सायकल ट्रॅकच्या अवस्थेचा मुद्दा अनेक वर्षं मांडत आली आहे.

पुण्याने आधी प्रयत्न केले नाहीत का?

केले की. सातारा रोड तर आपल्या शेजारीच आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. देशातला हा असा पहिलाच प्रयोग. बससाठी वेगळी लेन आणि कडेने सायकल ट्रॅक, म्हणजे सायकल आणि बस एकाच रस्त्यावर जोडायची कल्पना तेव्हाच मांडली गेली होती.

मग डिसेंबर २०१७. महापालिकेच्या मुख्य सभेने पुण्याचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८२४ किलोमीटरचं जाळं होतं. त्याच महिन्यात स्मार्ट सिटीने औंध आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आणल्या. पेडल, ओफो, मोबाईक, युलू अशी नावं आठवत असतील. मोबाईलवर कुलूप उघडा, चालवा, सोडून द्या. शहरभर रंगीबेरंगी सायकली दिसल्या. पण ओफोने २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला. सायकलींची मोडतोड आणि चोरी यांच्या बातम्या येत राहिल्या आणि बघता बघता ती योजना विरून गेली.

यातून घ्यायचा एक धडा मोजणीचाच आहे. भाड्याच्या सायकलींना जीपीएस असतो. कुठून निघाली, कुठे थांबली, किती वाजता, सगळं कळतं. शहरासाठी हा खजिना आहे. पण तो कंपनीच्या सर्व्हरवर असतो. ही माहिती महापालिकेला द्यायची आणि लोकांसाठी खुली ठेवायची, असं करारातच लिहून घेतलं नाही, तर कंपनी गेली की माहितीही जाते. पुढच्या वेळी सायकली आणाल तेव्हा पहिलं कलम हे हवं.

आता बिबवेवाडीपुरतं काय करता येईल?

सगळ्यात आधी 'आधीचा' आकडा. ही गोष्ट आत्ताच करता येते, नंतर कधीच नाही. मेट्रो सुरू झाल्यावर सायकली वाढल्या की कमी झाल्या हे सांगायचं असेल, तर मेट्रो नसतानाचा आकडा हातात हवा. अप्पर डेपो, पुष्पा मंगल कार्यालय चौक, गंगाधाम चौक, मार्केट यार्ड अशा ठिकाणी आत्ताच मोजणी झाली पाहिजे. आणि ती पहाटे पाचपासून, नाहीतर साडेपाचवाले पुन्हा सुटतील.

मग स्टेशनचा नकाशा. पार्किंग म्हटलं की आपल्याला गाड्या आठवतात. पण एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. स्टँड दरवाजाजवळ हवा, वर छप्पर हवं, उजेड हवा, कुलूप अडकवायला नीट दांडा हवा. नेदरलँड्समधल्या उत्रेक्त शहरात स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचं पार्किंग आहे, पहिले २४ तास फुकट. आपल्याला साडेबारा हजार नकोत. सुरुवातीला शंभर-दोनशे सायकलींची जागा नकाशात राखली आणि ती किती भरते हे रोज लिहून ठेवलं, तरी पुढचा निर्णय आकड्यावर घेता येईल. भरलेला स्टँड हीसुद्धा मोजणीच असते.

तिसरं, पोहोचायचा रस्ता. स्टेशनच्या दाराशी शंभर मीटर चकचकीत ट्रॅक आणि त्याआधी दोन किलोमीटर जीव मुठीत, असं असेल तर स्टँड रिकामाच राहणार.

चौथं, सायकल सोबत नेणं. पुणे मेट्रोत सायकल डब्यात नेता येते, हे बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. गर्दीच्या वेळी ते सगळ्यांना जमणार नाही, पण उतरल्यावर पुढे तीन-चार किलोमीटर जायचं असणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

आणि शेवटचं, हे आकडे लोकांसमोर ठेवणं. कोपनहेगन शहर १९९० च्या दशकापासून दर दोन वर्षांनी 'सायकल हिशोब' छापतं. किती लोक चालवतात, किती जखमी झाले, लोकांना सुरक्षित वाटतं का, सगळं एकाच अहवालात. चांगलं आणि वाईट दोन्ही. आपली महापालिका दरवर्षी पर्यावरण अहवाल काढते. त्यातच चार पानं सायकलची वाढवायला नवा कायदा लागत नाही.

तुम्ही काय करू शकता?

एक तास. एक चौक. एक कागद.

चार रकाने आखा : पुरुष, बाई, शाळकरी मूल, सामान घेऊन जाणारे. दिशा लिहा, तारीख आणि वेळ लिहा, पाऊस होता का लिहा. एक सायकल, एक रेघ. पाच रेघा झाल्या की आडवी काट मारा. सहा महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा बसा. सोसायटीतल्या किंवा कॉलेजातल्या दहा जणांनी दहा चौक घेतले, तर तुमच्या हातात असं काहीतरी असेल जे घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जाता येतं. "सायकल ट्रॅक पाहिजे" या वाक्याला तिथे ठरलेलं उत्तर मिळतं. "आमच्या चौकातून तासाला इतक्या सायकली जातात, त्यात इतकी शाळकरी मुलं आहेत" या वाक्याला उत्तर देण्याआधी समोरच्याला तुमचा कागद बघावा लागतो.

बिबवेवाडीचं स्टेशन जमिनीखाली असेल. त्याच्या वरून रोज पहाटे पेपरवाला, दूधवाला, वॉचमन आणि हमाल सायकलने जात असतील. त्यातल्या एखाद्याने स्टँडवर सायकल लावून खाली उतरायचं ठरवलं, तर त्याच्यासाठी जागा असेल का, हे २०२९ मध्ये ठरणार नाही. नकाशे होतायत आत्ता, तेव्हा रेघा मोजायलाही आत्ताच सुरुवात करावी लागेल.